सरिता मॅडमचा डावा पाय

इंदिरानगरात सरिता बेंडकुळे गेली अठरा वर्षं बायकांना गाडी शिकवते. तिच्याकडे दोन छोट्या गाड्या आहेत. दोन्हींना डाव्या बाजूला, म्हणजे शिकवणारीच्या पायाशी, वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच बसवलेला आहे. कॉलेजच्या मुली, बँकेतून निवृत्त झालेल्या बायका, नवऱ्याने शिकवताना दोनदा ओरडल्यावर रागारागाने क्लास लावलेल्या गृहिणी अशा सगळ्या तिच्या हाताखालून गेल्या. पहिल्या दिवशी ती सगळ्यांना एकच गोष्ट सांगते. उजवा पाय ब्रेकसाठी आणि ॲक्सिलरेटरसाठी. डावा पाय फक्त क्लचसाठी. डाव्या पायाला दुसरं काम द्यायचं नाही. एखादीचा डावा पाय चुकून ब्रेकवर गेलाच, तर सरिता गाडी कडेला घ्यायला लावते आणि तिच्याकडून हे वाक्य तीन वेळा म्हणून घेते.

अरिबानेही ते म्हटलं होतं. वडाळा नाक्याजवळ तिच्या वडिलांचं, निजामभाईंचं, गॅरेज आहे. लहानपणापासून तिथे वावरल्यामुळे अरिबाला नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं कळायचं, पण चालवायला मात्र निजामभाई देत नसत. बाप शिकवायला बसला की भांडणं होतात, असं म्हणून त्यांनीच तिला एकोणिसाव्या वर्षी सरिताकडे धाडलं. आता ती पंचवीसची झाली होती, निम्मं गॅरेज तीच सांभाळत होती आणि सुट्टीच्या दिवशी ऑटोक्रॉसला जात होती.

ऑटोक्रॉस म्हणजे काय ते सरिताला अरिबाकडूनच कळलं होतं. मोकळ्या रानात नारिंगी कोन आणि जुने टायर मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते. ती किती वेळात परत येते ते मोजतात. एक कोन पाडला की पाच सेकंद वाढतात, आणि कोनाच्या चुकीच्या बाजूने गेलं तर ती फेरीच बाद. प्रत्येकाला तीन फेऱ्या मिळतात, त्यातली सगळ्यात चांगली धरतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात अरिबा क्लासच्या ऑफिसात आली आणि खुर्चीत न बसता उभ्यानेच बोलायला लागली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी चांदवडजवळ स्पर्धा होती. बायकांच्या गटात किमान तीन नावं लागतात, नाहीतर तो गट रद्द होतो. एक नाव अरिबाचं, दुसरं नाशिकच्याच मोहिनी देवरे या फिजिओथेरपिस्टचं. ही मोहिनी चार वर्षं ओळीने पहिली येत होती आणि तिला एकदा तरी हरवायचं, हे अरिबाच्या मनाने घेतलं होतं. तिसरी बाई मनगट मुरगळल्यामुळे गळाली होती. तिच्या जागी अरिबाने सरिताचं नाव देऊन टाकलं होतं. विचारायला ती आत्ता आली होती.

सरिता चिडली. सत्तेचाळिसाव्या वर्षी डोक्यात हेल्मेट घालून धुळीत गोल गोल फिरायला आपल्याला वेड लागलेलं नाही, असं तिने सांगितलं. अरिबाचं म्हणणं इतकंच होतं की मॅडमनी तिची गाडी घेऊन सावकाश एक चक्कर मारायची. लवकर यायचं असं कुणीच म्हणत नव्हतं. तरी सरिताने तिला नाही म्हणून परत पाठवलं.

संध्याकाळी जेवताना तिने ही गंमत नवऱ्याला सांगितली. मनोज पाटबंधारे खात्यात नोकरीला होता, स्वभावाने शांत आणि थोडा थट्टेखोर. तो हसला, आणि जरा जास्तच वेळ हसला. मग सहज म्हणाला, “अगं, पण तुला स्वतःला गाडी चालवून किती वर्षं झाली?”

सरिता मनात वर्षं मोजायला लागली. क्लासच्या गाडीत ती डावीकडे बसायची. सप्तशृंगीला, शिर्डीला, बहिणीकडे पुण्याला जाताना मनोज चालवायचा, कारण त्याला शेजारी बसलं की मळमळायचं. ती स्वतः चालवायची ती फाटकापासून शेडपर्यंत. रोज आठ-नऊ तास गाडीत काढणाऱ्या बाईने गेल्या कित्येक वर्षांत गाडी अशी चालवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली विद्यार्थिनी यायच्या आधी तिने अरिबाला फोन करून विचारलं की सराव कुठे करतात.

सराव चांदवडलाच होता, रावजी अण्णांच्या रानात. महामार्गापासून आत, डोंगराच्या पायथ्याला त्यांची कांद्याची जमीन. उन्हाळ कांदा काढून चाळीत भरला की पाऊस पडेपर्यंत रान रिकामं असतं, म्हणून दरवर्षी ते स्पर्धेला द्यायचे. द्यायचे म्हणण्यापेक्षा बोलावून आणायचे. तरुणपणी बारा-तेरा वर्षं ते रॅलीच्या गाड्यांबरोबर मेकॅनिक म्हणून हिंडले होते. आता सदुसष्टी ओलांडली होती, हातात काठी आली होती, पण सरावाच्या दिवशी ते सकाळपासून रानात उभे असायचे आणि विचारेल त्याला शिकवायचे. न विचारणाऱ्यालाही शिकवायचे.

पहिल्या रविवारी अरिबाने सरिताला डाव्या बाजूला बसवलं आणि आपल्या जुन्या पांढऱ्या स्विफ्टमधून एक चक्कर मारून दाखवली. सरिताने दोन्ही हातांनी सीट धरली होती. पहिल्या मोठ्या वळणावर अरिबा भरधाव आली, स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी वळेना. ती सरळच निघाली. अरिबाने स्टिअरिंग आणखी फिरवलं आणि ॲक्सिलरेटर आणखी दाबला, तशी गाडी आणखी सरळ गेली आणि दोन कोन आडवे करून थांबली. तेवढ्यात सरिताचे दोन्ही पाय खालच्या पत्र्यावर दाणकन आपटले होते. तिथे ब्रेक नाही हे तिला आपटल्यावर आठवलं.

अण्णा काठी टेकत आले. त्यांनी अरिबाला पुढच्या चाकाजवळ बोलावलं आणि सरितालाही.

“ही गाडी पुढून ओढनारी हाय,” ते म्हणाले. “ओढायचं याच चाकांनी आन वळायचं बी याच चाकांनी. बैलाला एका टायमाला दोन कामं सांगितली तर एक बी धड व्हत नाय. आधी हळू कर. मग वळव. तोंड वळलं का मग ओढ. तू वळताना बी ओढीती, म्हनून ती ऐकत नाय.”

सरिताला हे ऐकून फार बरं वाटलं. वळणाआधी ब्रेक, वळताना धीर, सरळ झाल्यावर वेग, हेच तर ती अठरा वर्षं त्र्यंबक रोडवर आणि पाथर्डी फाट्यावर सांगत आली होती. ऑटोक्रॉस एवढंच असेल तर आपल्याला जमेल, असं तिला वाटलं. तिने ते अण्णांना बोलूनही दाखवलं.

अण्णा म्हणाले की रस्त्यासाठी एवढं पुरे आहे, घड्याळासाठी मात्र अजून एक गोष्ट लागते. ॲक्सिलरेटरवरचा उजवा पाय तसाच ठेवायचा आणि वळणाच्या तोंडाशी डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. गाडीचं वजन पुढे येतं, पुढची चाकं माती धरतात, मागची हलकी होतात आणि शेपूट आपोआप बाहेरून वळून येतं.

अरिबाने तोंड फिरवून हेल्मेटचा पट्टा तपासायला घेतला.

“डाव्या पायाने?” सरिताने विचारलं.

“डाव्याच,” अण्णा म्हणाले.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि ते सरिताला पहिल्यापेक्षा जड गेलं. मागचं शेपूट जास्तच बाहेर गेलं, गाडी आडवी व्हायला लागली, तर ब्रेक मारायचा नाही आणि ॲक्सिलरेटरही सोडायचा नाही. जिकडे जायचं तिकडे बघायचं, चाकं तिकडे करायची आणि पाय दाबायचा. पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. घाबरून पाय उचलला की गाडी गरकन फिरलीच म्हणून समजा.

त्या दिवशी सरिता स्वतः स्टिअरिंगवर बसली. उजवी बाजू तिला अनोळखी वाटली. आरसा कुठे असतो हे तिला शोधावं लागलं. सावकाश दोन चकरा मारून झाल्यावर तिने डावा पाय ब्रेकवर नेला. त्या पायाला जन्मभर एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे तळापर्यंत जाणं. गाडी जागच्या जागी थांबली, इंजिन बंद पडलं, आणि मागून येणारी त्यांचीच धूळ त्यांना ओलांडून पुढे गेली. सरिताने परत सुरू केली. परत तेच झालं. अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी अरिबाने शेजारून हळूच विचारलं की आता ते वाक्य तीनदा म्हणायला सांगू का. सरिताला राग यायच्या आधी हसू आलं, आणि मग दोघी इतक्या हसल्या की अण्णांना वाटलं गाडीतच काही बिघडलं.

पायाला शिकवायचं तर रोज शिकवायला हवं, हे सरिताला पक्कं माहीत होतं. तिने घरी एक युक्ती काढली. वजनकाटा भिंतीला तिरका लावला, समोर खुर्ची ठेवली आणि डाव्या टाचेवर पाय टेकून काट्यावर आठ किलोच दाब द्यायचा, कमी नाही नि जास्त नाही, असं सुरू केलं. पहिल्या दिवशी काटा एकदम पस्तिसावर जायचा. मनोज चहा घेऊन आला तेव्हा त्याने ते दृश्य पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. “ब्रेक,” ती म्हणाली. तो चष्मा आणून जमिनीवर बसला आणि आकडे वाचून दाखवू लागला. बावीस. सतरा. तीस, अगं तीस. नऊ. रोज संध्याकाळी वीस मिनिटं हा कार्यक्रम चालायचा. दोन आठवड्यांनी काटा सात आणि दहाच्या मध्ये राहायला लागला, तेव्हा मनोजने शेजारच्यांनाही बोलावून दाखवलं.

दुसऱ्या सरावाला सरिता परत अरिबाच्या डावीकडे बसली, पण या वेळी तिने तोंड बंद ठेवलं नाही. अरिबाची चूक तिला दिसत होती. मुलीचे हात चांगले होते, डोळा चांगला होता, धीर तेवढा नव्हता. ब्रेक सोडला की ती लगेच ॲक्सिलरेटरवर जायची. मधला एक क्षण, ज्यात गाडी आपलं तोंड फिरवते, तो ती गाडीला देतच नव्हती. सरिताने सांगितलं की प्रत्येक वळणावर मोठ्याने ‘थांब’ म्हणायचं आणि तो शब्द संपल्याशिवाय उजवा पाय हलवायचा नाही.

“मॅडम, मी आता शिकाऊ नाही,” अरिबा म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

सरिताने सांगितलं की ते आपल्याला ठाऊक आहे, आणि तरीही म्हणायचं. अरिबाने दोन चकरा ‘थांब’ म्हणत मारल्या, दोन्हींत वेळ कमी आला. पण तिसऱ्या चकरेला ती विसरली, की मुद्दाम बोलली नाही कुणास ठाऊक, आणि कोन गेला. परत येताना पिंपळगावला उसाचा रस प्यायला थांबल्यावर अरिबाने विचारलं की ‘थांब’ मनातल्या मनात म्हटलं तर चालेल का. सरिता म्हणाली की नाही चालणार.

स्पर्धेच्या दिवशी रानात पन्नासेक गाड्या आल्या होत्या. बघायला आलेली माणसं कांद्याच्या चाळीच्या सावलीला दाटीवाटीने बसली होती आणि कांद्याचा वास सगळ्यांच्या कपड्यांना लागला होता. धूळ बसावी म्हणून टँकर मधून मधून पाणी मारून जात होता. मनोज पांढरी टोपी घालून अगदी पुढे बसला होता. निजामभाईही आले होते; ते गाड्यांकडे बघतच नव्हते, नुसते ऐकत होते.

मोहिनी देवरे उंच, शांत बाई होती. तिने सरिताशी ओळख करून घेतली आणि तिसरं नाव दिल्याबद्दल आभार मानले. तिची गाडी बघताना काहीच घडत नाहीये असं वाटायचं. माती उडायची नाही, टायर ओरडायचे नाहीत. ही बहुतेक सावकाश निघाली आहे असं म्हणेपर्यंत ती परत आलेली असायची. पहिल्या फेरीत तिला एक मिनिट सहा सेकंद लागले. अरिबाने एक मिनिट सातच घेतले, पण दोन कोन पाडून दहा सेकंद वाढवून घेतले.

अरिबा आणि सरिता एकाच गाडीत आळीपाळीने धावणार होत्या, तशी मुभा होती. सरिताने पहिली फेरी जुन्या पद्धतीने मारली. डावा पाय क्लचपाशी गुपचूप ठेवला, प्रत्येक वळणाआधी ब्रेक, मग धीर, मग वेग. एकही कोन पडला नाही. एक मिनिट एकवीस सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या कुणाच्या तरी आईने गाणं म्हटल्यावर वाजवतात तशा होत्या, आणि सरिताला ते कळलं.

म्हणून दुसऱ्या फेरीत तिने डावा पाय काढला. पहिल्याच अरुंद वळणावर ती जोरात आली, उजवा पाय दाबून ठेवला, डावा पाय ब्रेकवर नेला, आणि पायाने दोन आठवड्यांचा वजनकाटा विसरून अठरा वर्षांचा क्लच आठवला. गाडी जागेवर थांबली. इंजिन बंद. चाळीकडून हशा आला. मनोज उठून उभा राहिला होता, हे तिला काचेतून दिसलं. तिने किल्ली फिरवली, फेरी पुरी केली, एक मिनिट चौतीस लागले. तिकडे मोहिनीने एक मिनिट पाच केले. अरिबाने हँडब्रेक लवकर ओढला, गाडी कोनाच्या चुकीच्या बाजूने गेली आणि फेरी बाद झाली.

मग जेवणाची सुट्टी झाली. अण्णांकडून सगळ्यांना भाकरी, पिठलं आणि ठेचा होता. सरिता आपलं ताट घेऊन चाळीच्या मागच्या बाजूला, बाभळीखाली जाऊन बसली. थोड्या वेळाने अरिबा आली. तिचे डोळे लाल झाले होते आणि ती म्हणाली की धूळ गेली. मग म्हणाली की तिने मॅडमना उगाच यात ओढलं, लोक हसले, तिला फार वाईट वाटलं.

सरिताने भाकरीचा तुकडा मोडला.

“अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका पायाने थांबवते आहे,” ती म्हणाली. “माझी स्वतःची चूक होईल अशी जागाच नव्हती. आज झाली. सगळ्यांसमोर झाली. आणि खरं सांगू का, मला मजा येते आहे.”

अरिबाने तिच्याकडे नीट बघितलं. मॅडम समजूत काढत नाहीत, खरंच सांगताहेत, हे बहुतेक तिला पटलं. तिने सरिताच्या ताटातला ठेचा उचलला आणि दोघी मोठ्या वळणाबद्दल बोलायला लागल्या.

तिसऱ्या फेरीआधी टँकरवाल्याने जेवणानंतरच्या उत्साहात जरा जास्तच पाणी सोडलं. रानाच्या टोकाला, टायरच्या ढिगाला उलट वळसा घालायचा होता तिथे, चिखल झाला. मोहिनीसुद्धा तिथे थोडी घसरली आणि तिला एक मिनिट आठ लागले. म्हणजे तिचं एक मिनिट पाचच धरलं जाणार होतं.

अरिबा निघाली. खिडकीची काच खाली होती. पहिल्या वळणावर चाळीपर्यंत ऐकू आलं, “थांब.” दुसऱ्या वळणावर परत, आणखी मोठ्याने. लोक आधी गोंधळले, मग त्यांना कळलं, आणि चौथ्या वळणापासून अर्धी चाळ तिच्याबरोबर ‘थांब’ म्हणू लागली. निजामभाईंनी मान खाली घातली होती. इंजिनाच्या आवाजातली ती छोटी उसंत त्यांना ऐकू येत होती आणि प्रत्येक उसंतीला ते बोटाने गुडघ्यावर टिचकी मारत होते. एकही कोन पडला नाही. वेळ सांगितला गेला, एक मिनिट पाच सेकंद आणि वर चार दशांश. मोहिनीला पाच पूर्ण लागले होते. अरिबा एवढ्याशा फरकाने दुसरी आली. ती गाडीतून उतरली तेव्हा हरलेल्यासारखी मुळीच दिसत नव्हती.

मग सरिता आत बसली. पट्टा आवळला. झेंडा पडला.

पहिल्या वळणाला तिने डावा पाय टेकवला, नुसती टाच रोवून बोटांनी, आणि मनोजचा आवाज तिच्या डोक्यात म्हणाला, नऊ. गाडीचं नाक खाली गेलं. पुढच्या चाकांनी माती पकडली, हे तिला हातांत जाणवलं, आणि मागचा भाग हलका होऊन, कुणी उचलून ठेवावा तसा वळणाच्या आत येऊन बसला. तिला इतकं नवल वाटलं की दुसरं वळण जवळ आल्याचं तिच्या जरा उशिराच लक्षात आलं. तिथेही जमलं. तिसऱ्याला पाय थोडा जास्त गेला, गाडी अडखळली, पण थांबली नाही. रांगेतल्या कोनांमधून ती डावी-उजवीकडे निघाली तेव्हा तिला हेल्मेटमध्ये आपलाच श्वास ऐकू येत होता.

टोकाच्या चिखलात शेपूट सुटलं. सुरुवातीला हळू, मग एकदम. समोरच्या काचेत टायरचा ढीग होता तो बाजूला सरकला आणि त्या जागी कांद्याची चाळ, माणसं, मनोजची पांढरी टोपी आली. सरिताचा उजवा पाय उचलला जायला लागला. हजार विद्यार्थिनींसाठी तो असाच उठून ब्रेकवर गेला होता. तिने त्याला जाऊ दिलं नाही. तिने मान वळवून जिकडे जायचं होतं त्या कोनाकडे बघितलं, चाकं तिकडे केली आणि पाय खाली दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पुढची चाकं चिखलातून कोरड्या मातीवर आली आणि त्यांनी सगळी गाडी हिसडा देऊन सरळ ओढली. सरिताच्या तोंडून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता की ओरडण्याचा हे तिला नंतरही सांगता आलं नाही. शेवटचा पल्ला तिने पूर्ण पाय दाबून पार केला.

एक मिनिट बारा. सकाळच्यापेक्षा नऊ सेकंद कमी, आणि खुल्या गटातल्या चौदा पुरुषांपेक्षाही कमी. हा चौदाचा आकडा मनोजने फळ्यासमोर उभं राहून स्वतः काढला आणि पुढे निदान आठवडाभर ऑफिसात सांगितला.

बक्षीस समारंभात तिला तिसऱ्या क्रमांकाचं पितळी पदक मिळालं. तिघींत तिसरी आल्याचं पदक कशाला, असं ती म्हणत होती, पण गळ्यातून काढतही नव्हती. मोहिनीने पहिला करंडक घेतला आणि खाली उतरून अरिबाला विचारलं की हे ‘थांब’ काय प्रकरण आहे. अरिबाने सरिताकडे बोट दाखवलं. मोहिनी म्हणाली की पुढच्या वर्षी करंडक आपल्याकडे राहायचा असेल तर आपल्यालाही सरिताकडे क्लास लावावा लागेल, आणि ती हे थट्टेत म्हणत नव्हती.

उन्हं कलली तशा गाड्या एकेक करून महामार्गाकडे निघाल्या. मंगळवारी या रानात ट्रॅक्टर फिरणार होता, म्हणून राहिलेली माणसं टायर गोळा करत होती. सरिता आणि अरिबा टोकाच्या ढिगापाशी गेल्या. चिखल आता वाळत आला होता आणि त्यात सगळ्या गाड्यांच्या चाकोऱ्या एकमेकींवर उमटल्या होत्या. अण्णा काठी टेकत मागून आले. त्यांनी वाकून त्यातली एक रुंद, आडवी चाकोरी दाखवली. ती इथे बाहेर जात होती, आणि हातभर पुढे, जिथे माती कोरडी होती, तिथे खोल रुतून आत वळत होती.

“ही तुमची, ताई,” ते म्हणाले. “हितं पाय उचलला नाय तुम्ही.”

सरिता खाली बसली. तिने त्या खोल जागेवर बोट फिरवलं, टायरची नक्षी मातीत अजून स्पष्ट होती. मग तिने मान वर करून विचारलं की इथेच आणखी दोन सेकंद वाचवायचे असतील तर ब्रेकवर पाय कधी न्यायचा, ढिगाच्या आधी की ढिगाला लागून.

अण्णांना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी काठीने मातीत एक रेघ ओढली, ती पसंत पडली नाही म्हणून चपलेने पुसली आणि दुसरी ओढली. अरिबाचं मत निराळं होतं. तिने आपली रेघ बाजूला ओढली. पलीकडून मनोज हातात दोन टायर घेऊन येत होता. तिघं मातीत डोकी घालून बसलेली बघून त्याने टायर खाली ठेवले, एकावर एक रचले आणि त्यांच्यावर बसून घेतलं.